खानावळीतला फोनचा वर्ग

सुजित दराडे मूळचा सिन्नरकडचा. आयटीआय करून तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला, पुढे लग्न झालं, मुलगी झाली आणि बोईसर हेच त्याचं गाव होऊन गेलं. सरावलीच्या बाजूला त्याने घर भाड्याने घेतलं होतं. पुढच्या मोठ्या खोलीत त्याची बायको ललिता खानावळ चालवायची. मी तिथे जेवायला जायचो. शेजारच्याच एका कंपनीत मी स्टोअरला होतो, बोईसरात एकटाच राहत होतो, त्यामुळे त्या घरात माझी ऊठबस जरा जास्तच. म्हणून पुढचं सगळं मला जवळून पाहायला मिळालं.

तेव्हा सुजित मोठा गप्पिष्ट. ड्यूटीवरून आला की कंपनीच्या कपड्यांवरच वाढायला लागायचा. कोणाला कारल्याची भाजी आवडत नाही हे लक्षात ठेवून नेमकी त्यालाच दोनदा वाढायचा आणि वर हसायचा.

एका दुपारी कारखान्यात पाइपच्या जोडातून कॉस्टिक सोड्याचा फवारा उडाला. डोळ्यांवर चष्मा होता, पण फवारा खालून आला. पुढचे कितीतरी महिने मुंबईच्या रुग्णालयात गेले. शेवटी डावा डोळा पूर्ण गेला आणि उजव्यात नुसता उजेड-अंधार कळण्याइतकं राहिलं.

घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आम्ही जेवणारे आत डोकावून विचारायचो, "काय दादा, बरं आहे ना?" तो फक्त "हं" म्हणायचा. ललिताने त्याला समजावणं, धीर देणं असलं काही केलं नाही. एक दिवस तिने त्याच्यापुढे लसणाचं ताट ठेवलं आणि सोलायला सांगितलं. सुजितने ते ताट भिरकावलं. लसूण पार बाहेर आमच्या टेबलांखालीपर्यंत पसरला.

"फेकलंत ना? आता तुम्हीच गोळा करा," ललिता म्हणाली आणि पोळ्या लाटायला निघून गेली.

आम्ही दोघं-तिघं जेवत होतो. मी उठायला लागलो तर तिने आतूनच मला बसायची खूण केली. थोड्या वेळाने सुजित कॉटवरून खाली उतरला आणि गुडघ्यांवर बसून, हाताने जमीन चाचपत एकेक पाकळी वेचू लागला. टेबलांखाली गेला, आमच्या पायांपाशी आला. सगळा लसूण गोळा झाल्यावर त्याने तिथेच बसून तो सोलला. दुसऱ्या दिवसापासून लसूण त्याच्याकडे लागला.

खानावळीत एक जुनीच अडचण होती. जेवणारे बहुतेक उत्तर प्रदेश, बिहारकडचे कामगार. त्यांच्या ड्यूट्या बदलत्या. भात शिजला, पोळ्या झाल्या की कोणीतरी दारातून ओरडायचा, "भाभी, आज डबल ड्यूटी है, खाना मत रखना." कधी उलट व्हायचं, नको म्हणालेले चौघं अचानक येऊन बसायचे. एका संध्याकाळी भाताचं अख्खं पातेलं उरलं. ललिता त्या पातेल्यापाशी बसून राहिली. तिचा आवाज येईना म्हणून सुजित उठून स्वयंपाकघराच्या दारात आला.

"उद्यापासून कोण जेवणार आणि कोण नाही, ते मी बघतो," तो म्हणाला.

"कसं बघणार?"

"फोनवर."

"अहो, तुम्हाला दिसतं का?"

"ऐकू तर येतं ना."

बोलून तो मोकळा झाला, पण फोन कसा चालवायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. फोन ऐकून वापरता येतो एवढंच रुग्णालयात कोणीतरी सांगितलं होतं. चौकशी करता करता पालघरच्या एका बँकेत नोकरी करणाऱ्या मनीषचा पत्ता लागला. मनीष जन्मापासून अंध. सुट्टीच्या दिवशी तो सुजितला शिकवायला तयार झाला. पहिल्या दिवशी मीच सुजितला त्याच्याकडे घेऊन गेलो होतो.

मनीषने फोनमधली एक सोय चालू केली. आता काचेवर बोट ठेवलं की बोटाखाली जे असेल त्याचं नाव फोन बोलून दाखवायचा. एकदा बोट ठेवून ऐकायचं, तेच हवं असेल तर दोनदा पटपट टिचकी मारायची. ऐकायला सोपं वाटतं. सुजितचं बोट घसरायचं, भलतंच काहीतरी उघडायचं आणि फोन भराभर बोलत सुटायचा. त्याने वैतागून फोन मांडीवर टाकला आणि म्हणाला, "हे माझ्याच्याने नाही व्हायचं."

"दादा, रडायचं असेल तर घरी रडा," मनीष म्हणाला. "इथे बोट चालवा."

मला ते कठोर वाटलं. सुजितला वाटलं नसावं, कारण त्याने फोन परत उचलला.

पावसाळा संपेपर्यंत तो फोनवर सगळं करायला लागला. त्याने जेवणाऱ्यांचा ग्रुप केला. सकाळी त्याचा बोललेला मेसेज यायचा, "आज दोपहर में चवली की भाजी, रात को अंडा करी. जिसको नहीं खाना है वो अभी बोलो." लोक लिहिण्याऐवजी बोलूनच उत्तर द्यायचे. तो आवाजावरून माणूस ओळखायचा आणि आकडा ललिताला सांगायचा. पुढे मनीषकडूनच जुना लॅपटॉप मिळाला, त्यावर एक्सेल शिकला. किराणा किती लागतो, कोणत्या वारी कोणती भाजी खपते, सगळं त्यात. अन्न वाया जाणं जवळजवळ थांबलं. शेजारच्या दोन खानावळवाल्या बायका हे बघून शिकायला यायला लागल्या. सुजित त्यांना शिकवायचा, पण आपण शिक्षक आहोत असं तेव्हा त्याच्या मनातही नव्हतं.

ते मनात घातलं भागीने.

भागी मासवणची. सूर्या नदीच्या अलीकडे चढावर तिची थोडीशी जमीन. पावसावर भात, मग वाल, वांगी, मिरच्या. भाजीची पाटी घेऊन ती बोईसरला यायची, ललिताला भाजी घालायची आणि उरलेली कॉलनीत दारोदार विकायची. नवऱ्याने तिला टच स्क्रीनचा फोन घेऊन दिला होता, पण तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. कॉलनीतल्या बायका फोनवर भाजी सांगायच्या, तर कोणाचा फोन आहे हेच तिला कळायचं नाही. मेसेज आले तर ते तसेच पडून राहायचे.

त्या दिवशी ती पाटी उतरवून सुजितकडे बघत उभी राहिली. तो फोनला बोट लावून ऐकत होता.

"दादा, एक इचारू?" ती म्हणाली. "तुमाला दिसत नाय तरी फोन चालवता. मला दिसतं, पन वाचता येत नाय. मला येल का?"

सुजितचं बोट थांबलं. तो हसला. अपघातानंतर त्याला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"तुमचा फोन आणा बघू इकडे," तो म्हणाला. "आणि बसा."

भागी बसली. पहिल्याच दिवशी एक घोळ समोर आला. तिचं बोट काचेवर लागेचना. शेतात राबून बोटांची कातडी इतकी जाड आणि कोरडी झालेली, की फोनला स्पर्श कळत नव्हता. सुजितने तिचा हात मागितला, बोटं चाचपली.

"नख लावू नका. करंगळीशेजारचं बोट घ्या, त्याचा मऊ भाग टेकवा. आधी हात धुऊन पुसून या. किंचित ओल राहिली तरी चालेल."

तिने तसं केलं. फोन बोलला, "संपर्क." भागी दचकली आणि मग इतकी जोरात हसली की ललिता बाहेर बघायला आली.

महिन्याभरात भागी आलेला मेसेज ऐकू शकत होती आणि बोलून उत्तर देऊ शकत होती. कोणी भाजी सांगितली की ती स्वतःच्याच नंबरवर बोलून ठेवायची, "साळवी बाई, वांगी, बिनकाट्याची." पाटी भरताना ते ऐकायची. एकेक गिऱ्हाईक तिने नावानिशी फोनमध्ये घातलं होतं. सुजितचा तो हट्टच होता. नाव घातल्याशिवाय पुढचा धडा नाही.

भागीमुळे तिच्या पाड्यावरच्या बायका आल्या, त्यांच्यामुळे बाजारात शेजारी बसणाऱ्या इतर आल्या. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की खानावळीतली टेबलं भिंतीला लागायची आणि सुजितचा वर्ग भरायचा. बरेच फोन नवऱ्यांचे, तेवढ्यापुरते मागून आणलेले. सगळे फोन एकदम बोलायला लागले की नुसता कालवा व्हायचा. एकदा एकीचा पैशाच्या अ‍ॅपचा पिन फोनने सगळ्या खोलीला मोठ्याने ऐकवला. सुजितने तिथल्या तिथे तिला तो बदलायला लावला आणि पुढच्या आठवड्यापासून कानात घालायची वायर असल्याशिवाय पैशाचा धडा नाही असा नियम केला.

त्याचा आणखी एक नियम होता. गिऱ्हाईक स्वतःचा फोन दाखवून "पैसे गेले" म्हणालं तर तिकडे बघायचंही नाही. "त्याची काच मला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही असं समजा," तो सांगायचा. "आपला फोन 'आले' म्हणाला तरच आले."

वर्ग वाढला तशी जागा पुरेना. शिवाय सुजितला दुकानदारीचं थोडं पुढचं शिकवायचं होतं. मालाची यादी, बिल, नकाशावर पत्ता पाठवणं. पालघरला महिलांच्या डिजिटल व्यवसाय प्रशिक्षणाचं एक केंद्र सुरू झालं होतं. तिथे संगणक होते, हॉल होता. आमच्या बायकांना इथे घ्या, शिकवायला मी येतो, असं सांगायला सुजित आणि भागी तिथे गेले.

केंद्राच्या व्यवस्थापिका अनघा राऊत यांनी त्यांना नीट बसवून घेतलं, सगळं ऐकलं आणि मग सांगितलं, "शिक्षकाची गोष्ट नंतर बघू. पण प्रवेशालाच आठवी पासची अट आहे. यांना मी घेऊच शकत नाही."

"अट कशासाठी?" सुजितने विचारलं.

"शिकवलेलं समजायला वाचता यायला हवं ना?"

"मला वाचता येत नाही, मॅडम. आता येत नाही. मी कसं शिकलो असेन?"

"तुमची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी नाही," सुजित म्हणाला. "तेच सांगायला आलोय."

अनघाताईंचा स्वर वाईट नव्हता. नियम त्यांनी केलेला नव्हता आणि मोडायचा अधिकारही त्यांना नव्हता. "तुम्ही लेखी अर्ज द्या, मी वर पाठवते," एवढं त्या म्हणाल्या. सुजितने परतीच्या वाटेवर रिक्षातच फोनला बोलून अर्ज तयार केला आणि त्याच संध्याकाळी पाठवला. उत्तर आलं नाही. दर महिन्याला तो पुन्हा पाठवायचा.

दरम्यान वर्गात हेतल यायला लागली होती. हेतल दातिवऱ्याची, मच्छीमारांच्या घरातली. नवरा विनोद बोटीवर खलाशी. ही दहावी झालेली, हुशार, बोलायला फटकळ. ती सुकी मच्छी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. तिला वाचता येत होतं, त्यामुळे ती इतरांच्या फार पुढे गेली. सुकट, बोंबील, जवळा यांचे फोटो, भाव, सगळं तिने फोनवर मांडलं. बाजारात एकदा भेटलेलं गिऱ्हाईक तिने सोडलं नाही. पालघर, विरार, अगदी ठाण्यापर्यंत तिचा माल कुरियरने जाऊ लागला. सुजितने तिला एकच गोष्ट बजावली होती, की ऑर्डर पक्की करताना लिहायचं नाही, स्वतः बोलायचं. त्याचं म्हणणं, आवाज ऐकला की गिऱ्हाईक टिकतं. हेतल कुरकुरायची, पण ऐकायची.

मे महिना आला. पावसाळ्यात बोटी बंद असतात, म्हणून त्याआधी घरोघरी सुकी मच्छी भरून ठेवतात. या आगोटीच्या खरेदीवर हेतलचं वर्षाचं गणित असायचं. नेमक्या त्या दिवसांत तिला एक फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमचं पार्सल अडकलंय, आता एक कोड येईल तो सांगा. हेतलचे हात मिठाने भरलेले, समोर माल पसरलेला. तिने कोड सांगून टाकला. थोड्याच वेळात तिचं व्हॉट्सअ‍ॅप तिच्या फोनवरून गेलं. ते आता त्या माणसाच्या ताब्यात होतं, आणि तो हेतलच्या नावाने, हेतलच्या फोटोमागून तिच्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवत होता, की आगोटीच्या मालाचे पैसे आधी या दुसऱ्या नंबरवर टाका.

हेतलने खानावळीत फोन केला तेव्हा ती रडत होती. मागून तिच्या सासऱ्यांचा आवाज येत होता, "बंद कर तो फोन! इका बाजारात बसून, आमी इकत आलो तसं!"

"कोड परत परत मागवू नकोस," सुजित म्हणाला. "मी येतो."

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी बरोबर निघालो. रस्त्यात उतरताना मी त्याचा हात धरला तर तो म्हणाला, "हात धरू नका, भाऊ. मला तुमचं कोपर धरू द्या. ओढून नेलेलं मला चालत नाही." सफाळ्याहून एसटीने आम्ही दातिवऱ्याला पोहोचलो. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, वारा खारट होता. हेतल घराच्या ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. सासरे बाजूला उभे होते. आम्हाला बघून त्यांनी पाणी दिलं, पण बोलले नाहीत.

हेतलने घाबरून कोड इतक्या वेळा मागवला होता, की अ‍ॅपने आता काही तास थांबायला सांगितलं होतं. म्हणजे तोवर तो चोर मोकळा.

"तोपर्यंत काय करायचं?" हेतलने विचारलं.

"तुझी गिऱ्हाइकं फोनमध्ये नावाने आहेत की नाहीत?"

"हायत. तुमीच लावलं होतं ना."

"त्याच्याकडे तुझं नाव आहे, फोटो आहे. आवाज नाही. साधा फोन लाव एकेकीला. मेसेज नको, बोल."

हेतलने डोळे पुसले आणि फोन लावायला सुरुवात केली. "ताई, मी हेतल बोलतेय, दातिवऱ्याची. आवाज वळखता ना? तो मेसेज माझा नाय. पैसे टाकू नका." सुजितने हेतलच्या जावेचा फोन मागून घेतला, फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग हेतलची नावांची यादी त्यावर घेऊन तोही दुसऱ्या टोकाने फोन लावायला लागला. पलीकडून संशय आला की तो फोन हेतलच्या तोंडाजवळ धरायचा. बोलून बोलून तिचा घसा बसला, तरी ती थांबली नाही. बहुतेक सगळ्यांना ते मेसेज विचित्र वाटले होते. एकजण म्हणाली, "मी म्हटलंच, ही तर कधी लिहीत नाही."

पण पालघरच्या एका निवृत्त शिक्षिकेने पैसे पाठवून टाकले होते. त्यांनी हेतलला एका शब्दानेही दोष दिला नाही. हेतलच म्हणाली, "बाई, तुमचा माल मी पाठवनार. पैसे मिळोत, न मिळोत."

सासरे पुढे आले. "तू कशाला भरायचं? तू चोरलंस का?"

"चोरलं नाय, पन नाव माझं वापरलं ना, बाबा," हेतल म्हणाली. "उद्या त्या माझ्याकडं कशाला येतील?"

सासऱ्यांनी सुजितकडे पाहिलं. त्याने काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत असावं. सुजित एवढंच म्हणाला, "धंदा तिचा आहे. ती ठरवेल."

संध्याकाळ होता होता नवा कोड आला आणि चोर बाहेर फेकला गेला. मात्र जाण्याआधी त्याने खात्याला स्वतःच्या पिनचं दुसरं कुलूप लावून ठेवलं होतं, त्यामुळे हेतलचं खातं आठवडाभर बंद राहिलं. तो आठवडा तिने फोन करून माल विकला. सासरे स्वतः पार्सलं बांधत होते, असं तिने नंतर सांगितलं. हेल्पलाइनवरून त्या बाईंचे पैसे शेवटपर्यंत परत आले नाहीत. त्यांचा बोंबील मात्र पाऊस लागायच्या आत पोहोचला.

त्या संध्याकाळी परत येताना आम्ही एसटीत बसलो. सुजित म्हणाला, "दुसरं कुलूप कसं लावायचं ते मी त्यांना शेवटच्या धड्यात शिकवणार होतो. आधी विकायला शिकवलं आणि दार उघडं ठेवलं." पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याने सगळा क्रम उलटा केला. नवीन बाईने वर्गात पाऊल टाकलं की आधी कुलूप, आधी पिन, आणि कोड कोणालाही सांगायचा नाही, कोणी सुजितच्या नावाने मागितला तरी नाही. तो स्वतः मध्येच एखादीला वेगळ्या नंबरवरून फोन करून, आवाज बदलून कोड मागायचा. भागीने त्याला ओळखलं नाही आणि अशा काही शिव्या दिल्या, की फोन ठेवल्यावर तो ललिताला सांगताना पोट धरून हसत होता.

पावसाळ्यात त्याने पालघरच्या केंद्राला पुन्हा अर्ज केला. या वेळी अर्ज लिहिलेला नव्हता. वर्गातल्या बायकांनी एकेक करून आपापल्या आवाजात सांगितलं होतं, मी काय विकते, फोनवर काय काय करते, आणि मला आठवीचा दाखला नाही. अनघाताईंनी ते सगळे मेसेज ऐकले आणि एका बाजाराच्या दिवशी न सांगता खानावळीत येऊन मागे बसल्या. वर्ग संपेपर्यंत त्यांनी स्वतःची ओळख दिली नाही. जाताना म्हणाल्या, "मी तुमच्या बाजूने भांडते. मिळेलच असं सांगत नाही."

परवानगी मिळायला दिवाळी उजाडली. तेही एकाच तुकडीपुरतं, प्रायोगिक म्हणून, आणि मुख्य शिक्षक दुसरा, सुजित त्याचा सहायक, अशा अटीवर. मनीषला ते अपमानाचं वाटलं. त्याने सुजितला नकार द्यायला सांगितलं.

"खुर्ची कोणाला द्यायची त्याला देऊ देत," सुजित म्हणाला. "दार उघडलंय ना? मी आत जातो."

तो आत गेला. मुख्य शिक्षक चांगला तरुण निघाला. पहिल्या आठवड्यातच त्याने ओळखलं, की या वर्गात फळ्याचा उपयोग नाही, आणि तो सुजितच्या शेजारी बसून ऐकायला लागला. मालाचे फोटो कसे काढायचे हा धडा सुजितला शिकवता येणार नव्हता. तो हेतल घ्यायची. मासळी उन्हात नको, सावलीत ठेवा, मागे निळं प्लास्टिक नको, असं ती ठणकावून सांगायची. भागी नव्या बायकांचे हात धुवून घ्यायची.

त्या तुकडीत सुलू नावाची एक मुलगी होती, मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली. बांबूची सुपं, टोपल्या करायची. नुकती कुठे तिला घरबसल्या ऑर्डर यायला लागली होती, तोच तिच्या नवऱ्याने भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं ठरवलं. आगाऊ उचल घेतलेली होती, जाणं भाग होतं. केंद्राच्या नियमाप्रमाणे हजेरी तुटली की नाव कमी. यादीवरून तिचं नाव काढायची वेळ आली तेव्हा सुजित अनघाताईंच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"ती जाणारच आहे," तो म्हणाला. "मग धडा तिच्यामागे गेला तर हजेरी धरणार का?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, की सुजित रोजचा धडा बोलून पाठवील, सुलू तो करून बोलून उत्तर देईल, आणि भट्टीवरून परतल्यावर तिची परीक्षा वेगळी घेतली जाईल.

गेल्या आठवड्यात मी खानावळीत जेवायला गेलो होतो. दुपारची गर्दी ओसरली होती. सुजित फोन कानाशी धरून सुलूचं उत्तर ऐकत होता. मागून विटांच्या गाडीचा, माणसांचा, कुठल्याशा पोराच्या रडण्याचा आवाज येत होता आणि त्यातून ती मोठ्याने सांगत होती, "दादा, कालचा धडा झाला. टोपलीचा भाव सांगून मेसेज बनवला हाय. इथल्या दोन बायकापन शिकायचं म्हनतात. त्यांना कुलपाचा धडा मी दिला. पुढचा पाठवा."

सुजितने मेसेज पुन्हा एकदा ऐकला. मग घसा साफ केला, फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाला, "आता तिघींसाठी सांगतो. नीट ऐका."